इंदापूरचा गोल, काटेवाडीचे पोहे

पिंपळी मागं पडली आणि तेजश्रीच्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला. धोंडीबाआबा दहा पावलं पुढं होते. मागं न बघताच म्हणाले, "हातात घ्या चप्पल, बाई. पाटाच्या भरावावर काटं न्हाईत. जे हायत ते माझ्या वळखीचे हायत."

तिनं दोन्ही चपला पिशवीत टाकल्या. पिशवीत एक वही, दोन पेनं, पाण्याची बाटली आणि मेणबत्त्यांचं पुडकं होतं. पौर्णिमा होती, म्हणून अंगावर पांढरी साडी. पाटाला पाणी सुटलेलं, भराव कडेकडेनं ओला, आणि साडीच्या काठाला आत्ताच मातीची किनार लागली होती. धुण्याचं उद्या बघू, असं म्हणून तिनं निऱ्या जरा वर खोचल्या आणि पावलं उचलली.

तेजश्री बारामतीच्या त्रिरत्न महाविद्यालयात ग्रंथपाल. मूळची लोणी भापकरची. सकाळची वंदना झाल्याशिवाय चहा न घेणारी आणि मोजून बोलणारी बाई. कॉलेजला साठ वर्षं पूर्ण होत होती. स्मरणिका निघायची होती. कुणाकडं कुठला लेख द्यायचा याची वाटणी चालली असताना प्राचार्य तिला म्हणाले, "फुटबॉल संघाचा इतिहास तुम्ही लिहा. ढाल तुमच्याच ग्रंथालयात आहे ना."

ढाल होती खरी. वर्तमानपत्रांच्या मांडणीवर खिळ्याला टांगलेली. दर शनिवारी तेजश्री ती फडक्यानं पुसायची. तिच्यावर लिहिलं होतं, 'आंतरतालुका महाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धा, इंदापूर, १९७८. विजेते.' संघाचा मिळवलेला इतिहास तेवढाच. बाकीची एकोणसाठ वर्षं संघ गेला, खेळला आणि घरी आला.

आणि न मिळवलेला सगळा इतिहास होता धोंडीबाआबांकडं. ते कॉलेजच्या मैदानाचे शिपाई. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी रोज सकाळी मैदानावर येऊन चुन्याची रेघ वाकडी पडली की नव्या शिपायाला बोलायचे. अठ्ठ्याहत्तरचा तो विजयी गोल त्यांनीच मारलेला. पण त्यांची एक अडचण होती. बसून त्यांना काही आठवत नसे. तेजश्रीनं त्यांना दोनदा ग्रंथालयात बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला. दोन्ही वेळा चहा संपला आणि आबा म्हणाले, "बसलं की माझं डोस्कं बी बसतं. चालताना इचारा." ते दर पौर्णिमेला काटेवाडीच्या विहारात पायी जायचे, पाटाकडेनं दहा किलोमीटर. म्हणून आज तीही निघाली होती, सकाळी सहाला.

"कुठवर आलो आपण?" तिनं चालता चालता वही उघडली. अक्षर उंटावर बसून लिहिल्यासारखं येत होतं.

"पिंपळी गेली की."

"तसं नाही, आबा. इतिहासात."

"इतिहासात अजून माझा जलमच झाल्याला न्हाय," आबा म्हणाले. "तिथनं घ्या. ऑगस्ट छप्पन्न. मी झालो, नाव ठेवलं धोंडीबा. दोन महिन्यांनी आमच्या सगळ्यांनी दीक्षा घेतली. दोन महिनं दम धरला असता तर माझं बी नाव चांगलं निघालं असतं. धाकटा शाना. अठ्ठावन्नला आला. त्याचं नाव काय, तर बुद्धघोष. एका आईची लेकरं आमी, पण नुसती नावं ऐकली तर वाटावं मी त्याचा सालगडी हाय."

"मग बदललं का नाही नाव?"

"आईनं केला की परयत्न. पण म्हणं, धोंडीबा म्हणल्याशिवाय मी दूधच पीत नव्हतो."

तेजश्रीनं ते लिहिलं नाही, पण हसली. मग आबा कॉलेजवर आले. पासष्टात कॉलेज निघालं तेव्हा साठ-पासष्ट गावांतल्या बौद्धवस्त्यांनी घरटी पायलीभर ज्वारी घातली होती. पत्र्याच्या शेडात वर्ग भरले. पोरं शिकायला लागली आणि पोरंच ती, संध्याकाळी खेळायला कुठं जायचं म्हणायला लागली. तालमीत गेली, तर वस्ताद म्हणाला, माती ओली हाय, उद्या या.

"मग?"

"माती वरीसभर ओली राहिली," आबा म्हणाले. "कबड्डीवाले म्हणले, आमचे गडी पुरे हायत. तवा आमच्यात एक हवालदार हुते, कुंडलिकराव. फौजेतनं आलेले. मिशा अशा की सायकलच्या दांडीवर दोन पाखरं बसल्यासारख्या. त्यांनी समद्यांना शेडात बसवलं अन् म्हणले, कबड्डीत अंगाला अंग लागतं, ती ह्यांची अडचण. कुस्तीत तर लागतंच लागतं. मग आपण असला खेळ घेऊ, ज्यात हात लावला की शिट्टीच वाजती. आता बघू कंचं कारण काढत्यात."

तेजश्री थांबली. हे तिला नीट लिहायचं होतं. "काढलं का कारण?"

"काढलं की. म्हणले, बॉल कुठाय?"

बॉल हवालदारांच्या ट्रंकेत होता. तोच एक, तीन वर्षं पुरवला. मैदान पाटाच्या कडेला, दोन्ही बाजूंनी बाभळी. बॉल बाभळीत गेला तर फुटायची भीती, पाटात गेला तर जायची. त्यामुळं संघात पहिला निवडायचा तो पोहणारा, खेळ मागनं, असा हवालदारांचा नियम होता.

"आणि पहिली मॅच?"

"नऊ-शून्य."

"नऊ कुणाचे?"

आबांनी पहिल्यांदा मागं वळून तिच्याकडं बघितलं. पुढं काही विचारायची गरज पडली नाही.

हरायचं आणि दुसऱ्या दिवशी परत मैदानावर यायचं, असं संघाचं बारा वर्षं चाललं. मग अठ्ठ्याहत्तर आलं. आणि तिथून पुढचं तेजश्रीला पाठ होतं, कारण ती कॉलेजची पद्धतच होती. दर जुलैत नवा संघ निवडला की पोरं मैदानावर गोल करून बसायची, मधे बॉल ठेवायचा आणि धोंडीबाआबांनी तो गोल सांगायचा. त्याला सगळे 'गोल सांगणं' असंच म्हणत. पूजेला कथा असावी तसं. त्याशिवाय पहिली मॅच खेळायची नाही. ग्रंथालयाच्या खिडकीतून तेजश्रीनं तो गोल अकरा वर्षांत अकरा वेळा ऐकला होता. ऐकताना हातातली कामं थांबायची. वारा कुठून होता, समोरचा गडी कसा उताणा पडला, बॉल कसा पानासारखा वळला. ऐकणाऱ्याला वाटावं, आपणच मारतोय.

अडचण पुढंच होती. लेखासाठी तिनं जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले होते. पंच्याऐंशीच्या बॅचला आठवत होतं, गोल डाव्या पायानं, बारा फुटांवरून. नव्याण्णवच्या बॅचला उजव्या पायानं, डीच्या बाहेरून. दोन हजार दहाची पोरं शपथेवर सांगत होती की आबांनी गोल डोक्यानं मारला, आणि त्यात त्यांचा भांग विस्कटला.

हे सगळं तिनं आता विचारलं. एकेक बॅच वाचून दाखवली.

आबा चालत राहिले. "मी वाढत गेलो, गोल बी वाढला," ते म्हणाले.

"पण पाय कुठला?"

"दोन हायत. त्यातला एक."

"आणि डोकं?"

"ते एकच हाय. त्याला बी कवातरी काम पायजे."

तेजश्रीला राग आला नाही, पण ती लोणी भापकरची होती, सोडणारीही नव्हती. आणि तिच्या मनात आणखी एक गोष्ट होती, जी तिनं कुणाला सांगितली नव्हती. कॉलेजच्या कार्यक्रमांत सगळे मिळून पंचशील घ्यायचे तेव्हा आबा तिच्या मागच्या रांगेत असायचे. खणखणीत आवाज. पहिलं शील, दुसरं, तिसरं. चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, आबांना खोकला यायचा. पाचव्याला घसा परत साफ. अकरा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. तिला आधी वाटायचं, धुळीचा असेल.

"एवढंच सांगा आबा," ती म्हणाली. "त्या दिवशी ऊन होतं का ढग? पंच्याऐंशीचे म्हणतात ऊन होतं, गोलीच्या डोळ्यावर आलं. नव्याण्णवचे म्हणतात ढग होते. हे तरी एक असेल ना."

आबा थांबले. कॉलेजपासून आत्तापर्यंत पहिल्यांदाच थांबले. पाटातून एक नारळाची करवंटी वाहत चालली होती, ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडं बघत राहिले.

"काटेवाडीत ऊन हुतं," ते म्हणाले.

"मी इंदापूरचं विचारतेय."

"इंदापूरचं मला म्हाईत न्हाय. मी काटेवाडीत हुतो."

तेजश्रीनं पेनाला टोपण लावलं. मग काढलं. मग परत लावलं.

"चला," आबा म्हणाले, "हुबं राहून मला सांगता येत न्हाय."

झालं होतं ते असं. फायनल खरी शनिवारी होती. पण इंदापूरच्या त्या मैदानावर शनिवारी कुणाच्या तरी लग्नाचा मांडव पडला, म्हणून मॅच रविवारवर गेली. आणि रविवारी धोंडीबाला मुलगी बघायला जायचं होतं, काटेवाडीला. दौंडला रेल्वेत असलेल्या मामाला रजा मिळाली होती ती तेवढीच. धोंडीबा बापाच्या पाया पडला, एक रविवार पुढं ढकला म्हणाला. बाप म्हणाला, "चेंडू काय, पुढल्या साली बी उडल. पोरगी पुढल्या सालापातूर थांबती व्हय?"

संघात गडी बरोबर अकरा होते. बारावी म्हणजे हवालदारांची छत्री. सकाळी एसटी स्टँडवर सगळे जमले आणि धोंडीबा नाही. तो निरोप द्यायला धाकट्याला पाठवून मोकळा झाला होता. बुद्धघोष तेव्हा एकोणीस वर्षांचा, मॅट्रिकला दोनदा बसून दोनदा उठलेला, कॉलेजचा आणि त्याचा संबंध एवढाच की मैदानावर म्हशी चारायचा. पण दिसायला भावासारखा. हवालदारांनी त्याला खालीवर बघितलं, भावाचा शर्ट आणि चड्डी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "आज तुझं नाव धोंडीबा."

"आन् तो म्हणला," आबा सांगत होते, "येवढं चांगलं नाव असताना?"

तिकडं एसटी इंदापूरला गेली, इकडं धोंडीबा मामाबरोबर ह्याच भरावावरून काटेवाडीला. मुलीच्या बापानं घोंगडी अंथरली होती. मुलगी पोहे घेऊन आली. ताईबाई तिचं नाव. धोंडीबाचं अर्धं मन इंदापुरात. आता मॅच सुरू झाली असेल, आता हाफटाइम झाला असेल. त्या नादात त्यानं पहिली बशी संपवली, दुसरी संपवली आणि तिसरीला हात घातला. मामानं चिमटा काढला तेव्हा कळलं.

"मागनं ती मला म्हणायची," आबा म्हणाले, "मला वाटलं, बिचाऱ्याला घरी कुणी घालत न्हाय. म्हणूनच हो म्हणले."

बाप म्हणाला, काही विचारायचं असेल तर विचार. धोंडीबाला दुसरं काही सुचेना. त्यानं विचारलं, "फुटबॉल म्हाईत हाय का?"

"व्हय," ताईबाई म्हणाली. "पाटातनं येतो."

शहात्तरात संघाचा एक बॉल पाटातनं वाहून गेला होता. पोहणारे दोघं पिंपळीपर्यंत गेले आणि हात हलवत परत आले. तो काटेवाडीला ताईबाईनं काठीनं ओढून बाहेर काढला होता. चुलीमागं वाळवला, वस्तीतली पोरं तो फुटेपर्यंत खेळली. हे ऐकल्यावर धोंडीबानं बशी खाली ठेवली आणि मुलीकडं पहिल्यांदा नीट बघितलं. पत्र्याला भोक होतं, त्यातनं ऊन तिच्या खांद्यावर पडलेलं. साडेचार वाजले होते. ते पक्कं, कारण मामाच्या हातात रेल्वेचं घड्याळ होतं आणि तो दर पाच मिनिटांनी वेळ सांगत होता.

त्याच साडेचारला इंदापुरात गोल झाला. एक-शून्य. गुरुवारी बारामतीच्या साप्ताहिकात छापून आलं, 'धोंडीबा यांच्या निर्णायक गोलामुळे ढाल त्रिरत्नकडे.' तो पेपर काटेवाडीतही आला. ताईबाईच्या बापाला कुणीतरी वाचून दाखवला. तो म्हणाला, परत वाच. परत वाचला. रविवारी साडेचारला जो पोरगा आमच्या घोंगडीवर तिसरी बशी खात होता, तो पेपरात इंदापुरात गोल मारत होता. बाप एक दिवस गप्प बसला. दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला, "एका वेळी दोन्हीकडं हजर राहणारा माणूस संसाराला बरा. सुपारी फोडू."

"आणि काटेवाडीतलं कुणी बोललं नाही?" तेजश्रीनं विचारलं. "सत्तेचाळीस वर्षं?"

"जावई हाय मी त्यांचा," आबा म्हणाले. "जावयाचं झाकत्यात, बाई."

तिनं निऱ्या परत वर खोचल्या. मग म्हणाली, "पण तुम्ही का नाही सांगितलं?"

"गेलो हुतो की सांगायला. सोमवारीच. हवालदार ढाल पुसत हुते. म्हणले, धोंडीबा, ढाल द्यावी लागंल तर देऊ. पण मग म्हणतील, बघा, जिकले तर असे जिकले. बारा वरसं हरलो त्याचं कुणी नाव काढणार न्हाय. मग मी गप बसलो. मग त्याच गोलावर कॉलेजात नोकरी लागली. मग पोरं म्हणाली, कसा मारला सांगा. पयल्या साली मी चार वाक्यांत सांगितला. डाव्या पायानं. दुसऱ्या साली पाच."

"बुद्धघोषकाकांना विचारायचं ना, कसा मारला."

"लाज वाटली. त्याची वस्तू मी वापरतोय, अन् त्यालाच इचारू, हिचं हँडल कुठाय?"

काटेवाडीचा ऊस दिसायला लागला होता. आबांची चाल मंदावली. ताईबाई जाऊन दोन वर्षं झाली होती, हे तेजश्रीला ठाऊक होतं. दर पौर्णिमेचं हे चालणं तेव्हापासूनचं, हे तिला आत्ता कळत होतं.

"भांडण झालं की ती म्हणायची, तुमचा काय भरवसा, गोल मारायला जाल अन् पोहं खाऊन याल." आबा हसले. मग म्हणाले, "पण एक हुतं. बारामतीत बायका बसायच्या, आपापलं सांगायच्या. मला ह्ये असे बघायला आले, असे बोलले. हिला इचारलं तर काय सांगणार? रविवार म्हणाली, तर कुणीतरी तारीख जुळवंल. म्हणून म्हणायची, आमचं बघणं झालंच न्हाय. असंच लागलं लगीन. सत्तेचाळीस वरसांत पंचेचाळीस वरसं असंच म्हणली. एकदा बी माझ्यावर चिडली न्हाय त्याबद्दल. बाकी समद्याबद्दल चिडली."

तेजश्रीनं पदरानं तोंड पुसलं. घाम होता, असं कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

"आता रविवारी सत्कार हाय माझा," आबा म्हणाले. "साठ वरसांचा कार्यक्रम. इंदापूरचा तवाचा कॅप्टन येतोय, विजयसिंह. त्याच्या हातनं शाल. परवा मी त्याला फोन केला. म्हणलं, साहेब, शाल नगा आणू, गोल मी मारल्याला न्हाय. ऐकून घेतलं त्यानं समदं. मग लई येळ काय बोललाच न्हाय. मला वाटलं, फोन ठिवला. तर हसत हुता."

"का?"

"म्हणला, धोंडीबाराव, आमचा गोली साखर कारखान्याचा स्लिपबॉय हुता, उसाच्या पावत्या फाडणारा. तीस वरसांचा. दोन लेकरं हुती त्याला. कॉलेज त्यानं रस्त्यावरनं बघितलं हुतं. ढाल ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. छापायचंच असंल तर दोन्ही छापा."

विहारात माणसं थोडीच होती. तेजश्रीनं मेणबत्त्या लावल्या, पाय धुऊन बसली. पंचशील सुरू झालं तेव्हा ती डोळे मिटून होती, पण कान मागं लागलेले. चौथं शील आलं. खोकला आला नाही. आबांचा आवाज बारीक झाला, पण शब्द सगळे पुरे आले. तिनं हात जोडलेलेच ठेवले आणि मनात जे म्हणायचं ते म्हटलं.

विहारामागंच बुद्धघोषचं घर. तोही पुढं काटेवाडीचाच जावई झाला, ताईबाईच्या चुलतबहिणीचा नवरा. एसटीत ड्रायव्हर होता. निवृत्तीनंतर सासुरवाडीतच तीन गाई घेऊन राहिला. आबा आणि तेजश्री अंगणात शिरले तेव्हा तो गव्हाणीत वैरण टाकत होता. खरंच भावासारखा, फक्त सगळं थोडं थोडं कमी.

"दादा, आज पावणी आणली?"

"कॉलेजच्या ग्रंथपालबाई हायत. तुझा गोल लिवून घ्यायला आल्यात."

बुद्धघोषच्या हातातली वैरण हातातच राहिली. "माझा कंचा गोल? गोल तुझा."

"समदं सांगितलंय त्यांना."

"कुणाला इचारून?"

"तुला इचारलं असतं तर तू नगं म्हणला असतास."

"मग आता बी नगं म्हणतो. तुझ्या नावावर लागलाय, तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. मी काय करू त्येचं? गाईला घालू?"

"तुझा हाय तो."

"मी तुला दिला."

"मी परत देतो."

पंगतीत शेवटचा लाडू दोघं एकमेकांच्या ताटात ढकलतात तसं चाललं होतं. तेजश्री वही धरून उभी. शेवटी आबा म्हणाले, "बरं, घेऊ नगंस. पण कसा मारलास ते तरी सांग. सत्तेचाळीस वरसं मी सांगतोय. मला तरी कळू दे."

"तुला म्हाईत न्हाय?"

"मी पोहं खात हुतो, बाबा."

बुद्धघोषनं वैरण टाकली, हात झटकले. तेजश्रीकडं बघितलं, मग गाईकडं. सांगायचं तर गाईला सांगतो, अशा बेतानं बोलायला लागला.

"तुझी चड्डी, दादा. कमरंला चार बोटं ढिली. अर्धी मॅच मी एका हातानं धरून पळलो. हवालदार वरडत हुते, दोनी हात हलीव. कसं हलीवू? मग त्यांच्या गोलासमोर आलो अन् नाडीच सुटली. समदं इंदापूर बघायला जमल्यालं. मी वाकलो नाडी बांधायला. तेवढ्यात मागनं आपल्याच कुणीतरी बॉल हाणला. हितं लागला."

त्यानं हात मागं नेऊन कुठं ते दाखवलं.

"पाठीवर?" तेजश्रीनं विचारलं. पेन तयार होतं.

"पाठीच्या जरा खाली, बाई. मी रागानं मागं वळून बघतोय, कुणी मारलं म्हणून. तोवर पोरांनी मला खांद्यावर घेतलं. म्हणलं, आरं सोडा, नाडी बांधायची ऱ्हायलीया. कुणी ऐकंना."

आबांनी आधी तोंडावर हात धरला. मग गव्हाणीचा दांडा धरला. मग दोन्ही सुटले आणि ते अंगणातल्या बाजेवर बसलेच. डोळ्यांतून पाणी. गाय कान टवकारून बघायला लागली.

"म्हणून मी गप हुतो," बुद्धघोष म्हणाला. त्यालाही हसू फुटत होतं, पण तो मोठ्या भावासमोर ते आवरत होता. "तुझ्या गोलाला पाय हुता, डोस्कं हुतं, वारा हुता. माझ्या गोलाला नाडी. बारामती डेपोला हुतो तवा दोनदा गाडी लावून, कुंपणाबाहेर हुबं राहून ऐकलाय तुझा गोल. लई ग्वाड सांगतोस. मला वाटायचं, आपला बी असा असता तर."

"आता लिवायचा का न्हाय ते बोल."

"नाडी सोडून लिवता यील का, बाई?"

"नाही," तेजश्री म्हणाली.

बुद्धघोषनं विचार केला. "मग बघा तुमी," तो म्हणाला आणि चहा सांगायला आत गेला. नगं म्हणाला नाही.

आबा बाजेवरच बसले होते. उठायला पाहिजे होतं, कारण बसून त्यांना काही आठवत नसे. पण उठले नाहीत. समोरच्या गल्लीकडं बघत होते. तिथं आता कुणाचा तरी स्लॅबचा बंगला होता.

"तिथं घर हुतं तिचं," ते म्हणाले. "पोह्यात शेंगदाणं जास्त अन् मीठ कमी. चहाचे कप तिघांना दोन. मामानं बशीत घेतला. तिच्या हातात हिरव्या बांगड्या, एका हातात तीन, एका हातात चार. दाराआड तिची आई हुबी हुती, तिचं नुसतं पाऊल दिसायचं. ही बॉलचं बोलली तवा आईच आत हसली."

तेजश्री शेजारी बाजेच्या काठावर टेकली. वही मांडीवर घेतली, पण लिहिलं नाही.

"रविवारी स्टेजवर मी सांगणार हाय. पण बोलल्यालं काय, संध्याकाळपातूर विरतं. पुस्तकाचं तसं न्हाय." त्यांनी तिच्या वहीवर बोट ठेवलं. "गोल त्याचा त्याला द्या. नाडीसकट द्या, म्हणजे परत कुणी चोरणार न्हाय. ढालीचं काय लिवायचं ते तुमी अन् प्राचार्य ठरवा. माझं एकच ऐका, पोरी. त्या दिवशी मला इंदापुरात ठिवू नगंस. मला हितं ठीव. काटेवाडीत, साडेचार वाजता, तिच्या बापाच्या घोंगडीवर. बशी तिसरी हुती, पण दुसरी लिवलीस तरी चालंल."